लाँग रन पहिल्या तासातच जमतो किंवा फसतो

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे फुल पळणाऱ्यांचा डिसेंबर लाँग रनमध्ये जातो. २००४ साली ही शर्यत सुरू झाली, तेव्हा पहाटे अंधारात पळणारा माणूस दिसला की दूधवाला सायकल हळू करून बघायचा. आता डिसेंबरातल्या रविवारी मरीन ड्राइव्हवर पाण्याच्या टेबलाशी गर्दी असते. पळणारे वाढले, बूट सुधारले, मनगटावर घड्याळं आली. तरी ३० नाहीतर ३२ किलोमीटरला निघालेले बरेच जण अजूनही पंचविसाच्या आसपास कठड्यावर बसलेले दिसतात. विचारलं तर म्हणतात, “पाय गेले.” पाय बहुतेक वेळा सकाळी सहालाच गेलेले असतात. आठ वाजता ते फक्त कळतं.

ज्यांची हाफ होऊन गेली आहे, १८-२० किलोमीटर फारसा त्रास न होता जमतात आणि आता पहिल्यांदाच तीन तासांच्या आसपासचा किंवा त्याहून लांब रन समोर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तीन तासांच्या पुढे पळणं म्हणजे दोन तासांच्या रनला आणखी एक तास जोडणं नव्हे. तिथे शरीराचा हिशेबच बदलतो.

३२ चा आग्रह

फुलची तयारी म्हटली की ग्रुपमधला पहिला प्रश्न ठरलेला: “तुझा ३२ झाला का?” या ३२ मध्ये शास्त्र कमी आणि मैल जास्त आहेत. अमेरिकी वेळापत्रकांमध्ये सर्वांत लांब रन बहुधा २० मैलांचा असतो आणि २० मैल म्हणजे ३२ किलोमीटरला थोडे जास्त. आपण तो आकडा उचलला आणि त्याचं व्रत करून टाकलं. शरीर किलोमीटर मोजत नाही. किती वेळ पाय जमिनीवर आपटत होते, तेवढंच त्याला कळतं.

केनियातल्या कापटागटला एलिउड किपचोगे आणि त्यांचे सोबती गुरुवारी आलटून पालटून ३० आणि ४० किलोमीटर पळत आले आहेत. ते वाचून आपल्याकडचा एखादा हौशी म्हणतो, मग आपणही ४० करून बघू. पण किपचोगेंचे ४० अडीच तासांच्या आत संपतात. पाच तासांत फुल करणारा आपला माणूस लाँग रनच्या वेगाने तेवढ्या वेळात जेमतेम १९ ला पोचतो. जॅक डॅनियल्स या नावाजलेल्या अमेरिकी प्रशिक्षकांनी लाँग रनला अडीच तासांचीच मर्यादा घातली. पाच तासवाल्यांसाठी ती मला कडक वाटते, कारण १९ किलोमीटरच्या भांडवलावर ४२ ला उभं राहायचा धीर सगळ्यांना होत नाही. पण साडेतीन तासांच्या पुढे जाऊ नये, या मतावर मी ठाम आहे. त्यानंतर मिळणारा फायदा थोडा असतो आणि पोटऱ्या, गुडघे, टाचा त्याची वसुली पुढचे दहा दिवस करत राहतात.

आता स्वतःचा आकडा काढा. चार तासांत फुल करायची असेल तर शर्यतीचा पेस किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. लाँग रन साडेसहा मिनिटांच्या आसपास धरला तर ३२ किलोमीटर साधारण ३ तास २८ मिनिटांत होतात. ठीक आहे, करा ३२. पाच तासांचं लक्ष्य असेल तर शर्यतीचा पेस ७ मिनिटं ६ सेकंद आणि लाँग रनचा ८ मिनिटांच्या आसपास. साडेतीन तासांत झाले २६. तुमचा लाँग रन २६ चा, विषय संपला. मनाला फारच रुखरुख लागत असेल तर शनिवारी १२-१४ किलोमीटर सावकाश पळा आणि रविवारी थकल्या पायांनी २२-२४ करा. शर्यतीच्या उत्तरार्धाचा सराव त्यातून बऱ्यापैकी होतो आणि शरीराची मोडतोड कमी होते.

सर्वांत लांब रन आणि शर्यत यांच्यात तीन ते चार आठवडे हवेत. म्हणजे मुंबईसाठी डिसेंबरच्या शेवटच्या दोन रविवारांपैकी एक. तिथून मागे मोजत या. दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटर वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. सप्टेंबरच्या मध्यापासून धरले तर १८ आठवडे हातात येतात. त्यात नवरात्र येतं, दिवाळी येते आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. कमी अंतराचे आठवडे तिथे बसवा. चुलतभावाच्या हळदीला रात्री एकपर्यंत नाचून पहाटे चारला २८ किलोमीटरला निघणारे वीर मी पाहिले आहेत. पुढचा पंधरवडा ते लंगडत असतात.

हळू म्हणजे खरंच हळू

पळायला लागणाऱ्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब सोपा आहे: वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी. ६५ किलोच्या माणसाला ३० किलोमीटरला सुमारे १९५० लागतात. स्नायू आणि यकृत मिळून आपल्याकडे ग्लायकोजेनचा साठा असतो ४०० ते ५०० ग्रॅमचा, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरींचा. ‘वॉल’, म्हणजे ताकद अचानक संपणं, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास का येते, ते या दोन आकड्यांतच दिसतं. चरबीचा साठा मात्र बारीक माणसाकडेही भरपूर असतो. अडचण इतकीच, की चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. तुम्ही हळू पळत असाल तर शरीर चरबी बऱ्यापैकी वापरतं आणि ग्लायकोजेन पुरवून पुरवून खर्च करतं. वेग वाढवला की ते ग्लायकोजेनवर तुटून पडतं. पहिल्या तासात किलोमीटरला अर्धा मिनिट जोरात पळणारा माणूस म्हणजे पाच तारखेलाच पगार संपवणारा. उरलेला महिना कसा जातो, हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे लाँग रनचा पेस शर्यतीच्या पेसपेक्षा किलोमीटरला ४५ ते ७५ सेकंदांनी हळू ठेवा. पहिले पाच-सहा किलोमीटर त्याहूनही हळू. घड्याळापेक्षा गप्पांवर भरवसा ठेवा: कालच्या लग्नातल्या पंगतीचं वर्णन, पदार्थांच्या क्रमासकट, धाप न लागता सांगता आलं पाहिजे. ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ अशा एका शब्दावर बोलणं आलं की पेस जास्त झाला. ग्रुपमध्ये पहिल्या तासातच सगळे गप्प झाले तर तिथून खुशाल मागे राहा. लाज वाटेल, पण दोन तासांनी त्यातले अर्धे तुम्हाला रस्त्यात भेटतील. अलीकडे स्ट्राव्हा ॲपमुळे ही लाज फार महाग पडते. सरासरी पेस सोमवारी ऑफिसातल्या मित्रांना दिसणार म्हणून शनिवार-रविवारची तयारी वाया घालवणारे लोक आहेत.

दमट हवेत घड्याळाचं आणखी कमी ऐकायचं. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात घाम निथळतो पण वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही, म्हणून तोच पेस धरूनही हृदयाचे ठोके तासागणिक चढत जातात. अशा दिवशी दोन तासांनंतर पेस उतरू द्या, श्वास आणि श्रम तेवढेच ठेवा. पुणे-नाशिकच्या मंडळींचा प्रश्न उलटा. त्यांचे डिसेंबरातले रन बोचऱ्या थंडीत मस्त होतात आणि मग जानेवारीत मुंबईला आठनंतरचं ऊन डोक्यावर आलं की तारांबळ उडते. त्यांनी दोन-तीन लाँग रन मुद्दाम उशिरा सुरू करून साडेनऊच्या उन्हात संपवावेत.

ज्यांना सलग पळणं जड जातं त्यांनी सुरुवातीपासून चालण्याचे टप्पे घ्यावेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी हीच पद्धत हजारो हौशी धावपटूंना शिकवली. नऊ मिनिटं पळा, एक मिनिट चाला. नाहीतर चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. यात मुद्दा एकच आहे. पहिलं चालणं दहाव्या मिनिटाला, पाय ताजे असताना घ्यायचं. दमल्यावर चालायला लागणं ही शरणागती आहे. त्याला गॅलोवेंचं नाव देऊ नये.

पिशवीत काय, बाटलीत काय

आदल्या रात्री साडेसात-आठला जेवण उरका. वरण-भात, मऊ खिचडी, उकडलेल्या बटाट्याची भाजी आणि पोळी चालेल. मिसळ, छोले, मोडाची उसळ, मोठी कोशिंबीर हे सगळं एरवी उत्तमच, पण २२ व्या किलोमीटरला पोटात कळ आली की कारण बहुधा आदल्या रात्रीच्या ताटात सापडतं. पहाटे निघण्याआधी पाऊण ते एक तास केळं, नाहीतर जॅम लावलेल्या पावाच्या दोन स्लाइस किंवा अर्धी गूळपोळी. चहा-कॉफीची सवय असेल तर घ्याच. पोट साफ होऊन निघणं हे कुठल्याही महागड्या जेलपेक्षा जास्त उपयोगाचं.

रनमध्ये खायचं ते भूक लागायची वाट न पाहता. पहिला घास ३५ ते ४० मिनिटांनी आणि मग तेवढ्याच अंतराने शेवटपर्यंत. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे माप धरा. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. मध्यम केळ्यात २५ च्या आसपास, चार-पाच मध्यम खजुरांत २५ ते ३०. सुपारीएवढा गुळाचा खडा १० ग्रॅमचा धरला तर त्यातले नऊ-साडेनऊ ग्रॅम कर्बोदकंच. जेलवाचून अडत नाही, पण ज्याच्यावर शर्यत काढणार त्याचाच सराव लाँग रनला झाला पाहिजे. खजुराच्या बिया घरीच काढा, एकेका वेळचे खजूर छोट्या पिशवीत वेगळे बांधा आणि पिशवीचं तोंड गाठ न मारता नुसतं मुडपून ठेवा. अडीच तासांनंतर घामाने ओली झालेली बोटं सुजल्यासारखी होतात. गाठ सुटत नाही, दात लावावे लागतात आणि तेवढ्यात दोन खजूर रस्त्यावर पडतात. मग ‘जाऊ दे, पुढे खाऊ’ असं म्हणून जो घास चुकतो, तोच चार किलोमीटरनंतर नडतो.

चिक्की खिशात टिकते म्हणून पुष्कळ जण घेतात. मला ती पटत नाही. तोंड कोरडं असताना दाण्याचे तुकडे घशात अडकतात आणि दाण्यातलं तेल पचायला वेळ लागतो. गूळ-शेंगदाण्याच्या लाडवाचंही तेच. ते रन झाल्यावर खा. शर्यतीच्या दिवशी मुंबईकर घरातून बाहेर येऊन संत्री, बिस्किटं, चिक्की प्रेमाने हातावर ठेवतात. नमस्कार करा आणि सरावात जे खाल्लं असेल तेवढंच घ्या.

आता पाणी. घरचं पेय असं करा: एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, म्हणजे पोह्याचे पाच सपाट मोठे चमचे धरा, पाव छोटा चमचा मीठ आणि एक लिंबू. चमच्यांच्या मापाची खात्री नसेल तर वाणसामान मोजायच्या छोट्या काट्यावर एकदा तोलून बघा. साखरेचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास राहिलं की पोट ते सहज सोसतं. त्याहून गोड केलं तर मळमळतं. इलेक्ट्रॉल या ओआरएसची पुडी अनेकांच्या पिशवीत असते आणि इथे एक गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते जुलाबात पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी ठरवलेलं माप आहे. क्षारांसाठी ते उत्तम, पण त्यावर तासभर पळायची ऊर्जा मिळेल असं समजू नका. ओआरएस पिणार असाल तर खाणं वेगळं हवंच.

किती प्यायचं, हे तुमच्या घामावर ठरतं. एखाद्या दीड-दोन तासांच्या रनला निघण्याआधी आणि आल्यावर घाम पुसून, कपडे काढून वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला. मधे जे प्यालात ते त्यात मिळवा आणि तासांनी भागा. लाँग रनअखेर वजन दोन टक्क्यांहून फार घटू नये, म्हणजे ६५ किलोच्या माणसाचं १.३ किलोहून. पण ते वाढताही कामा नये. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं निघालं. त्यात शर्यतीदरम्यान वजन वाढलेले आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ घेतलेले लोक अधिक होते. हळू पळणाऱ्याला प्यायला वेळही जास्त मिळतो आणि घाम त्या मानाने कमी जातो. म्हणून “पाणी पी, पाणी पी” असा जो प्रेमाचा आग्रह प्रत्येक टेबलाशी होतो, तो दर वेळी मानायचा नसतो. तहान आणि वजनाचा हिशेब, या दोन्हींच्या मधे राहा.

रस्ता निवडताना

लाँग रनच्या रस्त्यासाठी एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा: अंतर पूर्ण होण्याआधी आपलं घर दिसता कामा नये. २० व्या किलोमीटरला आपल्याच सोसायटीच्या फाटकावरून जायचं आणि आत वळायचं नाही, हा निग्रह फार थोड्यांना जमतो. एका दिशेने पळत जाऊन वाहनाने परत येणं उत्तम. मुंबईत पश्चिम उपनगरांतून दक्षिणेकडे पळत येऊन चर्चगेटहून लोकलने परतायची सोय आहे. फक्त पाकीट सोबत असू द्या आणि वाटेत प्रत्येक स्टेशन ‘बस, झालं की’ म्हणून खुणावतं, याची मनाची तयारी ठेवा. परतीसाठी कोरडा शर्ट पाठीवरच्या पिशवीत टाका. रविवारी सकाळी डब्यात बसलेल्या सहप्रवाशांचाही काही हक्क आहे.

असा रस्ता नसेल तर पहिले दोन तृतीयांश अंतर मोठ्या फेरीत आणि शेवटचे आठ-दहा किलोमीटर दोन-तीन किलोमीटरच्या सपाट फेऱ्यांमध्ये काढा. पाण्याची बाटली ठेवायला एक टपरीवाला गाठून ठेवा. पहाटे उघडणारा पेट्रोल पंप, सुलभ शौचालय कुठे आहे, हे आधी एकदा स्कूटरवरून बघून घ्या. अंधारात पळताना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि पाठीला लुकलुकणारा लाल दिवा असू द्या. कानात काही घालायचंच असेल तर एका कानात. एकटं पळू नये, निदान उजाडेपर्यंत. मोबाइलवरचं लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवून ठेवा.

कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, डोळ्याला डोळा न देता सावकाश चालत त्यांची हद्द ओलांडा. चावलंच, अगदी नुसतं खरचटलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. लाँग रन पुढच्या रविवारी होईल.

चढ हवा, पण सर्वांत लांब रनला नको. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून सप्टेंबरात यवतेश्वरच्या घाटात होते. मुंबईच्या तयारीत पायांना ताकद द्यायला तो मोसम अगदी सोयीचा. मुंबईच्या फुलमध्ये अनेक वर्षं परतीच्या वाटेवर ३५ किलोमीटरनंतर पेडर रोडची चढण यायची आणि एरवी टॅक्सीतून न जाणवणाऱ्या त्या चढाने भल्याभल्यांना चालायला लावलं. म्हणून २४-२६ किलोमीटरच्या एखाद्या रनमध्ये शेवटाकडे एखादा उड्डाणपूल घ्या आणि छोट्या पावलांनी चढायचा सराव करा.

जांघा, काखा आणि छातीवर व्हॅसलीन, पुरुषांनी स्तनाग्रांवर कागदी चिकटपट्टी. हे वाचताना हसू येतं, पण आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की हसू जातं. मोजे आणि बूट आधी वापरलेले. बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. जे बूट घालून शर्यत पळणार, ते शेवटच्या दोन लाँग रनला पायात असावेत.

चोविसाव्यानंतर

इथवर सगळं नीट केलं असेल तर २४-२५ च्या आसपास जे येईल त्याला दमणूक म्हणायचं, संकट नाही. मांड्या जड होतात, पावलांचा आवाज वाढतो, खांदे कानांकडे सरकतात. डोकं बहाणे शोधू लागतं: बुटाची लेस सैल वाटते, डावा मोजा टोचतो, सोमवारी सकाळी मीटिंग आहे हे आठवतं. अशा वेळी पूर्ण उरलेल्या अंतराचा विचार करायचा नाही. ग्रुपमधला नवखा विचारतो, “काका, अजून किती?” आणि मुरलेले काका आठ उरलेले असले तरी सांगतात, “त्या सिग्नलपर्यंत.” सिग्नल आला की पुढचा बसस्टॉप.

शरीराने काय करायचं तेही ठरलेलं असू द्या. पाऊल लांब टाकायचा मोह होतो. उलट पाऊल आखूड करा आणि पावलांची गती टिकवा. दोन्ही हात एकदा खाली सोडून झटका, खांदे उतरवा, मूठ सैल करा. नजर पायांपुढे न ठेवता १०-१५ मीटर पुढच्या रस्त्यावर. ठरल्या वेळचं खाणं-पिणं राहिलं असेल तर आधी तो घास. ‘आता मळमळेल’ म्हणून या टप्प्यावर खाणं टाळणारे जास्त असतात, आणि चिडचिड, डोळे भरून येणं, आकडेमोड न जमणं ही बहुधा साखर कमी पडल्याची लक्षणं असतात. दोन मिनिटं चाला, चालताना खा, मग पुन्हा हळू पळायला लागा. पाणी प्यायला थांबलात तर बसू नका. बसलेला माणूस उठायला दहा मिनिटं घेतो, आणि उठल्यावर जो पळतो तो वेगळाच कोणीतरी असतो.

पोटरीत गोळा आला तर थांबून हळुवार ताण द्या, चाला, मग हळू सुरू करा. ताण देताना हिसका नको.

थांबायचं कधी, हे मात्र निघण्याआधीच पक्कं करा, कारण २८ व्या किलोमीटरला निर्णय घेणारं डोकं शाबूत नसतं. दोन्ही पायांत सारखी, पसरलेली, बोथट वेदना असेल तर ती दमणूक. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशी टोचणारी वेदना असेल आणि तिच्यामुळे चाल बदलत असेल, तर तिथेच थांबा आणि रिक्षा करा. छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर, बोलताना शब्द भलतेच येणं, उन्हात अंगावर काटा किंवा थंडी वाजणं, यातलं काहीही झालं तर एक पाऊलही पळायचं नाही. सावलीत जा, अंगावर पाणी ओता, सोबत्याला सांगा आणि डॉक्टर गाठा. सोबत्याचं बोलणं असंबद्ध वाटलं तर त्याचं “मी ठीक आहे” मानू नका. पस्तिशीनंतर पहिली फुल करणाऱ्यांनी तयारी सुरू होण्याआधीच हृदयाची तपासणी करून घ्यावी.

आणि वेदनाशामक गोळी खाऊन लाँग रन पुरा करू नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घाम गेलेल्या, पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण आणतात. शिवाय जी वेदना थांबायला सांगत असते, तिचंच तोंड बंद होतं. आपल्याकडे अशी गोळी औषधाच्या दुकानात सहज मिळते आणि ग्रुपमध्ये पेपरमिंटसारखी वाटली जाते. नाही म्हणा.

रन संपल्यावर

थांबलात की दहा मिनिटं चाला, ओले कपडे बदला. तासाभरात पोट भरून खा: पोहे आणि दोन अंडी, किंवा इडली-सांबार आणि वर दूध-केळं. मीठ घातलेलं ताक हे घामाने पिळून निघालेल्या माणसाला मिळणारं फार चांगलं पेय. बर्फाच्या पाण्यात बसायची गरज नाही. दुपारी तासभर झोप आणि भिंतीला पाय लावून पडणं पुरेसं. पण दिवसभर सोफ्यावर आडवं पडून घरच्यांच्या रविवारची वाट लावू नका. १८ आठवडे दर शनिवारी रात्री नऊला दिवे मालवायला लावणाऱ्या माणसाने रविवारी संध्याकाळी मंडईत पिशव्या धरायला जावं. पायांनाही चालणं मानवतं आणि पुढच्या लाँग रनला पहाटे साडेतीनचा गजर घरात सहन केला जातो.

सोमवारी पळायचं नाही. मंगळवारी अर्धा तास अगदी सावकाश. जिने उतरताना मांड्या ठणकत असतील तर बुधवारपर्यंत थांबा. वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता काय खाल्लं, वजन किती घटलं, आणि पहिल्या व शेवटच्या पाच किलोमीटरना किती वेळ लागला. शेवटचे पाच पहिल्या पाचांपेक्षा फार मागे पडले असतील, तर पुढच्या लाँग रनचा सुरुवातीचा पेस आणखी १५ सेकंदांनी उतरवा. सर्वांत लांब रननंतरच्या रविवारी २० च्या आसपास, त्याच्या पुढच्या रविवारी १४ ते १६, आणि त्यानंतर येते ती शर्यत. मधल्या दिवसांत ‘राहिलेला ३२’ भरून काढायचा बेत कोणी आखला, तर त्या सकाळी त्यांच्यासोबत जाऊ नका.